सर्व्हर कुठे ठेवायचा ते नंतर, बंद पडला तर उठवणार कोण ते आधी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. भोसरीत सीएनसीवर पार्ट बनवता, माणसं २८, टर्नओव्हर ९ कोटीच्या आसपास, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, हिशोब टॅलीवर आणि बाकी सगळं एक्सेल आणि स्टोअरच्या वहीत. आता ब्राउझरवर चालणारी ईआरपी, म्हणजे स्टोअर, जॉबवर्क, डिस्पॅच सगळं एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचीय आणि तीन जण तीन गोष्टी सांगतायत. एक म्हणतो सर्व्हर ऑफिसातच ठेवा, डेटा डोळ्यासमोर राहील. दुसरा म्हणतो क्लाउडवर घ्या. तिसरा म्हणतो यूजरमागे महिन्याला पैसे द्या, बाकी मी बघतो. आणि घरात मुलगा म्हणतोय बाबा मी लिनक्स शिकतो, फुकटात करू.

मी हे काम भोसरी, चाकण, शिरोली, वाळूज अशा ठिकाणी पंधरा-सोळा वर्षं करतोय, जास्त करून वीस ते ऐंशी माणसांच्या कारखान्यांत. खरं सांगू का, तिघांचंही चालतं. आणि तिन्ही पद्धतीत लोक बुडालेले पण मी पाहिलेत. म्हणून माझा पहिला प्रश्न सर्व्हर कुठे हा नसतोच. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला टेम्पो गेटवर उभाय, इनव्हॉइस निघत नाहीये, स्क्रीनवर काहीच येत नाहीये, तर फोन कुणाला जाणार आणि तो माणूस किती वेळात उठवणार, याचं उत्तर त्या तिघांकडून आधी घ्या. जो "सर बंद पडतच नाही आमचं" म्हणेल त्याला चहा पाजा आणि सोडून द्या.

ऑफिसातल्या सर्व्हरचं आधी सांगतो कारण त्यात माझे स्वतःचे हात भाजलेत. २०१४-१५ च्या सुमारास चाकणला एका ग्राहकाकडे आम्हीच जिन्याखाली सर्व्हर बसवला होता, चांगला ब्रँडेड टॉवर, दोन डिस्क मिररमध्ये म्हणजे दोन्हीवर एकच डेटा, मी खूश. पलीकडच्या भिंतीला एअर कॉम्प्रेसर आणि वीस फुटांवर ग्राइंडिंग. दीड वर्षात त्या मशीनच्या पंख्यावर कूलंटची वाफ आणि बारीक धूळ मिळून काळा चिकट थर बसला होता, खरवडून काढावा लागेल असा, आणि एका मे महिन्यात दोन्ही डिस्क चार दिवसांच्या अंतराने गेल्या. मिररचा उपयोग शून्य, कारण दोन्ही एकाच लॉटच्या, एकाच गरमीत तापलेल्या. बॅकअप रोज निघत होता, त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर. पेनड्राइव्हवर कॉपी घ्यायची जबाबदारी अकाउंटंटची होती आणि तो शेवटचा पेनड्राइव्ह दिवाळीच्या आधीचा निघाला. अकरा दिवस दोन पोरं चलनं आणि जीआरएन (माल आत आल्याच्या पावत्या) हाताने परत भरत बसली. मालक मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तर ऑफिसात ठेवायचा म्हणजे नुसता डबा नाही घ्यायचा, धूळ नसलेली खोली, एसी, दीड-दोन तास टिकणारा यूपीएस, दर दोन-तीन वर्षांनी त्याच्या बॅटऱ्या, आणि हे सगळं बघणारा माणूस लागतो. शिवाय आपल्याकडे गुरुवारी सुट्टी, त्याच दिवशी महावितरण मेन्टेनन्सला लाइट घालवणार, आणि त्याच दिवशी मालकाला घरी निवांत बसून रिपोर्ट बघायचे असतात! सर्व्हर बंद. वरून प्लेटिंगवाल्याला, हीट ट्रीटमेंटवाल्याला लॉगिन द्यायचं म्हटलं की ऑफिसचं नेटवर्क बाहेरच्यासाठी उघडावं लागतं, साध्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून पोहोचता येईल असा पत्ताच मिळत नाही, मग कुणीतरी शॉर्टकट म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडून देतो. ते पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवणं म्हणजे शेडचं शटर रात्रभर वर ठेवून घरी जाणं. रॅन्समवेअरची, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांची, जी प्रकरणं मी जवळून बघितली त्यातली अर्ध्याहून जास्त इथूनच आत आली.

आता क्लाउड. हा शब्द ऐकून लोक उगाच बिचकतात, साध्या भाषेत दुसऱ्याच्या चांगल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर. तुमच्यासारख्या कंपनीला फार मोठा लागतही नाही. १५ ते २० लोक एका वेळी काम करत असतील तर ४ कोर आणि ८ जीबी रॅमचा व्हीपीएस (असा भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) ईआरपीनेक्स्ट किंवा ओडूसारखं सॉफ्टवेअर आरामात ओढतो, भाडं ढोबळमानाने महिन्याला तीन ते पाच हजार आणि वर जीएसटी. डेटाबेस पाच वर्षांत दोन-चार जीबीच्या पुढे क्वचित जातो, जागा खातात त्या ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटच्या (एमटीसी) स्कॅन केलेल्या कॉप्या. एका ठिकाणी स्टोअरवाला प्रत्येक एमटीसी ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून चढवत होता, एक फाइल १८ एमबी! स्कॅनरचं सेटिंग बदललं आणि वर्षभराचा जागेचा प्रश्न मिटला, व्हेंडरने मात्र तोवर मोठ्या डिस्कचं कोटेशन देऊन झालं होतं.

सर्व्हर भारतातच घ्या, शक्यतो मुंबईचा. अमेझॉनचं क्लाउड सेंटर मुंबईत २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून, मायक्रोसॉफ्टचं सेंट्रल इंडिया तर पुण्यातच आहे, बंगळूरमध्येही स्वस्त पर्याय मिळतात. याला दोन कारणं. एक तर वेग. ईआरपीची एक स्क्रीन उघडताना ब्राउझर सर्व्हरकडे पंचवीस-तीस वेळा जाऊन येतो, मुंबईला जाऊन यायला काही मिलिसेकंद, अमेरिकेला दोनशेच्या वर. स्वस्त म्हणून अमेरिकेतला सर्व्हर घेतलेला माणूस मग "ईआरपी स्लो आहे" म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो. दुसरं कारण कायद्याचं, आणि ते व्हेंडर सहसा सांगत नाहीत. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात, कंपनी कायद्याच्या अकाउंट्स रूल्सप्रमाणे हिशोबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर आणि रोजच्या रोज लागतो. आधी ठराविक काळाने चालत होता, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीत रोज केलं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याची नोंद हवी आणि ती बंद करता येता कामा नये. वह्या आठ वर्षं ठेवायच्या, त्यांच्यासोबत हा लॉगही. प्रोप्रायटरी फर्म असती तर हा नियम लागला नसता, तुम्हाला लागतो.

यात होस्टिंगची एक खोच आहे. ऑडिट ट्रेल सॉफ्टवेअरमध्ये असतो, पण सपोर्टवाल्या पोराकडे डेटाबेसचा पासवर्ड असेल आणि त्याने चुकलेलं इनव्हॉइस थेट डेटाबेसमध्ये घुसून बदललं तर सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये काही दिसत नाही. ऑडिटर आता डेटाबेस लेव्हलचंही विचारतात. "सर पाच मिनिटांत बॅकएंडला दुरुस्त करून देतो" असं म्हणणारा व्हेंडर फार मदत करणारा वाटतो, तो तुम्हाला खड्ड्यात घालतोय. डेटाबेसचा पासवर्ड कुणाकडे आहे आणि तिथलं लॉगिंग चालू आहे का हे लेखी घ्या.

आता गेटवरच्या टेम्पोकडे परत येऊ. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना बीटूबी म्हणजे धंद्याकडून धंद्याला होणाऱ्या विक्रीवर ई-इनव्हॉइस लागतं, २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षात पाच पार केले असतील तरी लागतं, म्हणजे तुम्ही आत आहात. आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा इनव्हॉइसचा नंबर) आणि क्यूआर कोड आल्याशिवाय ते इनव्हॉइस धरतच नाहीत आणि माल हलवता येत नाही. म्हणून तुमच्या कारखान्यात ईआरपी बंद पडणं म्हणजे मशीन बंद पडणं नाही, डिस्पॅच बंद पडणं. मशीन तर रूट कार्डच्या, म्हणजे पार्टवर कुठलं काम कशानंतर करायचं त्या कागदावर दिवसभर चालतील. हा फरक कळला की खर्च कुठे करायचा ते कळतं. डिस्पॅचच्या टेबलाला दुसरी इंटरनेट लाइन हवी, त्या कॉम्प्युटरला यूपीएस हवा, आणि ईआरपी पूर्ण झोपली तरी सरकारी पोर्टलवर जाऊन हाताने आयआरएन आणि ई-वे बिल काढता येणारा एक माणूस हवा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होतं ते. त्याला महिन्यातून एकदा मुद्दाम तसं काढायला लावा, नाहीतर ऐनवेळी पोर्टलचा पासवर्ड कुणाला आठवत नाही, ओटीपी दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाईलवर जातो. हसू नका, मी स्वतः बघितलंय, त्या माणसाला सासवडला फोन करून ओटीपी मागितला होता. त्याने दिला बिचाऱ्याने.

दुसऱ्या लाइनवरून आठवलं. एका ग्राहकाने माझं ऐकून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची फायबर घेतली, दोन लाइन सांभाळणारा राउटर बसवला, सगळं व्यवस्थित. पावसाळ्यात गटारासाठी रस्ता खोदताना जेसीबीने एक फटका मारला आणि दोन्ही गेल्या. दोन्ही केबल एकाच खांबावरून एकाच पाइपातून शेडमध्ये येत होत्या. तेव्हापासून मी दुसरी लाइन सिमवाली सांगतो, फोर-जी किंवा फाइव्ह-जी राउटर, तोही आधी शेडमध्ये रेंज बघून, कारण पत्र्याच्या शेडमध्ये आत रेंज मरते आणि राउटर खिडकीत नाहीतर ऑफिसच्या माळ्यावर ठेवावा लागतो.

बॅकअपबद्दल प्रत्येक जण बोलतो, रिस्टोअरबद्दल कोणी बोलत नाही. बॅकअपची फाइल बनली म्हणजे बॅकअप झाला असं नाही, ती दुसऱ्या रिकाम्या सर्व्हरवर उभी करून कालचं शेवटचं इनव्हॉइस आणि कुठलंही एक अटॅचमेंट उघडून दाखवलं की झाला. एका ठिकाणी वर्षभर फक्त डेटाबेसचा बॅकअप निघत होता, अटॅच केलेल्या फाइली कुणी घेतच नव्हतं, रिस्टोअर करून बघितल्यावर कळलं. ईआरपीनेक्स्टमध्ये फाइलींसकट बॅकअप घ्यायला वेगळं सांगावं लागतं, सांगितलं नाही तर फक्त डेटाबेस येतो. दर तीन महिन्यांनी एका गुरुवारी व्हेंडरला हे तुमच्यासमोर करायला लावा आणि घड्याळ लावून बघा. चार तास लागले तर तुमचं उत्तर चार तास, मग ते ब्रोशरमध्ये काहीही लिहिलेलं असो. आणि बॅकअपची एक कॉपी अशा खात्यात हवी की सर्व्हरवर कुणी घुसलं तरी त्याला ती पुसता येणार नाही, म्हणजे त्या खात्याची चावी सर्व्हरवर पडलेली नसावी. रॅन्समवेअरवाले आधी बॅकअप शोधतात आणि नंतर बाकीचं कुलूपबंद करतात. तसं काही झालंच तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचं असतं, २०२२ पासून तसे निर्देश आहेत, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

यूजरमागे पैसे घेणाऱ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वाईट नाही ते, झोहोसारख्यांचं काम स्वच्छ असतं, सर्व्हरची कटकट शून्य. पण आपल्या लोकांची सवय माहितीय ना, यूजरमागे हजार रुपये म्हटलं की मालक म्हणतो सुपरवायझरला एकच लॉगिन, तिन्ही शिफ्टला तेच चालवा. मग "शॉप१" नावाच्या यूजरने रात्री दोन वाजता ४०० पीस रिजेक्ट टाकले, आता हा शॉप१ कोण? ऑडिट ट्रेल आहे पण त्यात माणूस नाही. इनवर्डला एक, क्वालिटीला एक, प्रत्येक सुपरवायझरला एक, जॉबवर्कवाल्यांना (प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट करून देणारे) दोन असे मोजले तर तुमच्याकडे अठरा-वीस लॉगिन सहज होतात, त्या हिशोबाने वर्षाचा आकडा काढा आणि मग तुलना करा. ईआरपीनेक्स्टला यूजरमागे लायसन्स नाही, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यांचं स्वतःचं होस्टिंगही आहे. ओडूचं बघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की त्यांच्या साध्या ऑनलाइन प्रकारात स्वतः लिहिलेलं मॉड्यूल टाकता येत नाही, त्याला त्यांचंच वेगळं होस्टिंग नाहीतर स्वतःचा सर्व्हर लागतो. आणि आपल्या जॉबवर्कच्या भानगडीत, म्हणजे बार गेला, कट होऊन आला, परत प्लेटिंगला गेला, निम्मा आला, बर (कापताना निघणारा चुरा) वजनात कापली, यात काहीतरी कस्टम लागतंच. बाहेर पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर जीएसटीवाले ती विक्री धरतात, त्यामुळे प्लेटरकडे किती किलो पडलाय हे तारखेसकट दिसलंच पाहिजे.

कुणाकडेही गेलात तरी डोमेन आणि क्लाउडचं खातं तुमच्या कंपनीच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावर. व्हेंडरला आत यायची परवानगी द्या, मालकी नको. एका फाउंड्रीचं डोमेन व्हेंडरच्या खात्यात होतं, व्हेंडरने धंदा गुंडाळला, रिन्यूअलचे मेल त्याच्या बंद पडलेल्या आयडीवर, एका सकाळी ईआरपी आणि कंपनीचे सगळे मेल एकदम गायब. आठशे-हजार रुपयांच्या रिन्यूअलसाठी तीन आठवडे धावपळ. करारात एवढं लिहून घ्या की दर महिन्याला डेटाबेसची आणि फाइलींची पूर्ण कॉपी तुम्हाला मिळणार, उघडता येईल अशा स्वरूपात. एक्सेल एक्स्पोर्ट देतो म्हणाला तर ती कॉपी नाही.

शॉप फ्लोअरचं थोडं, कारण सर्व्हर कितीही भारी असला तरी शेवटी अडतं तिथेच. तुमच्याकडे स्टोअरला विंडोज ७ चा जुना पीसी असणार, असतोच, त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, आणि विंडोज १० चाही साधा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. वेब ईआरपीचा सगळा भार ब्राउझरवर, त्यामुळे हे पीसी बदलायचे पैसे आधीच धरा. आणि तीन कॉप्यांच्या चलनाचा डॉट मॅट्रिक्स! लोकलच्या सॉफ्टवेअरमधून तो खटाखट चालायचा, ब्राउझरमधून प्रिंट दिली की अक्षरं पुसट, पान अर्धं खाली सरकतं, एका चलनाला दीड मिनिट. ब्राउझर ते पान चित्र म्हणून पाठवतो म्हणून असं होतं. क्यूझेड ट्रे नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकून प्रिंटरला थेट मजकूर पाठवता येतो, लेबल प्रिंटरलाही तेच चालतं, पण हे डेमोमध्ये तुमच्याच प्रिंटरवर करून मागा. मी दोन ठिकाणी अख्खी ईआरपी या एका गोष्टीवरून नाकारलेली बघितलीय.

ऑफिसात सर्व्हर ठेवणं शहाणपणाचं कधी? सीएनसी मशीनच्या फॅनक कंट्रोलरवरून दर सेकंदाला सायकल टाइम, स्पिंडल लोड वगैरे ओढायचं असेल तेव्हा. पण त्यालाही पूर्ण ईआरपी आत नको, एक छोटा डबा ठेवायचा जो डेटा गोळा करतो, नेट गेलं तर साठवतो, आलं की वर पाठवतो. किंवा ग्राहकानेच लेखी घातलं असेल की ड्रॉइंग कारखान्याबाहेर जाता कामा नये, डिफेन्सच्या कामात असतं तसं, मग पर्याय नाही.

अपग्रेडचं एकच सांगतो, मार्च एंडला नको, महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या (जीएसटी रिटर्नच्या) आसपास नको, आणि आधी कॉपीवर करून बघितल्याशिवाय तर नकोच.

तुमच्या जागी मी असतो तर मुंबईतला ८ जीबीचा व्हीपीएस कंपनीच्या नावावर घेतला असता, सांभाळायला वर्षाचा करार अशा माणसाशी केला असता ज्याच्याकडे त्याच्याशिवाय अजून एक जण तरी ते काम जाणतो, बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर, सिमवाली दुसरी लाइन, आणि पहिले तीन महिने फक्त इनवर्ड, स्टोअर, जॉबवर्क आणि डिस्पॅच चालवलं असतं. हिशोब टॅलीवरच राहू द्या तोवर, अकाउंटंट रुसला की प्रोजेक्ट गेलं.

मुलाचं म्हणाल तर शिकू द्या, चांगलंच आहे. सर्व्हरच्या एसएसएल सर्टिफिकेटचं (ब्राउझरमधलं कुलूप) रिन्यूअल, लॉग बघणं, रिस्टोअर करून बघणं हे त्याच्याकडेच द्या, म्हणजे व्हेंडर काय करतोय हे घरात कुणाला तरी कळेल. पण एकट्याच्या जिवावर सर्व्हर ठेवू नका. पुढच्या वर्षी त्याचं लग्न निघालं आणि हळदीच्या दिवशी डिस्क भरली तर मांडवात लॅपटॉप उघडायला लागेल, आणि तेव्हा त्याची आई तुम्हाला काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.